भिडस्त डोळे

"दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी" ही म्हण ज्याने केली त्याला मधल्या नाकाची अडचण दिसली, पण वरच्या मजल्यावरची मध्यस्थी दिसली नाही. सामाईक भिंतीच्या आडोशाने जन्म काढणाऱ्या या दोन बिऱ्हाडांची भेट होत नसेल, पण त्यांच्या तक्रारी जागेपणी अखंड वर जात असतात. डावा सांगतो, खांब झाडाच्या उजवीकडे आहे. उजवा सांगतो, छे, डावीकडे आहे. मेंदू दोघांचं ऐकतो, दोघेही खरंच बोलताहेत असं धरून चालतो आणि निकाल देतो की खांब अलीकडे आहे नि झाड पलीकडे. या निकालाला आपण खोली म्हणतो. १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स व्हीटस्टनने हे दाखवून दिलं, तेव्हा फोटोग्राफीची जाहीर घोषणासुद्धा व्हायची होती. बिचाऱ्याने दोन आरसे आणि हाताने काढलेल्या रेघोट्या यांच्यावर काम भागवलं. स्टिरिओ स्लाइड म्हणजे याच खटल्याचे लेखी कागद: फिल्मच्या दोन तुकड्यांवर दोन साक्षी, एका माउंटात शेजारीशेजारी. हे तुकडे माउंटात बसवण्याच्या कामाला कलेच्या जगात फारशी प्रतिष्ठा नाही. फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, माउंट करणाऱ्याची मान धरते. बहुतेक वेळा दोघे एकच असल्यामुळे हा अन्याय कुणाच्या लक्षात येत नाही. माझं म्हणणं असं की स्टिरिओ छायाचित्र निम्मं कॅमेऱ्यात आणि निम्मं टेबलावर तयार होतं, आणि टेबलावरचं निम्मं शिकायचं असेल तर पहिला धडा म्हणजे स्वतःच्या डोळ्यांचं मत न विचारणं. डोळे खोटारडे नसतात, भिडस्त असतात. खोटारड्या साक्षीदाराची उलटतपासणी तरी घेता येते. भिडस्ताला काहीही विचारा, तो म्हणतो, "हो हो, ठीक आहे की."

आधी टेबलावर काय येऊन पडतं ते पाहू. अमेरिकेत मिलवॉकी गावात डेव्हिड व्हाइट नावाची, जमीनमोजणीची उपकरणं बनवणारी कंपनी होती. १९४७ साली तिने सीटन रॉचवाइट याने आखलेला 'स्टिरिओ रिअलिस्ट' हा कॅमेरा बाजारात आणला, आणि पुढची दोन दशकं या छंदाची मापं त्या कॅमेऱ्यानेच ठरवली. दोन भिंगं, त्यांच्यात ७० मिलिमीटरचं अंतर, आणि नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चित्राची रुंदी कडेच्या पाच भोकांएवढी, म्हणजे २३-२४ मिलिमीटर. आता दोन भिंगांमधल्या जागेत फिल्म कोरी राहू नये म्हणून या कॅमेऱ्याने जी काटकसर केली आहे ती पाहून कोणत्याही मराठी गृहिणीने मान डोलवावी. एका जोडीतली दोन चित्रं शेजारी पडतच नाहीत. त्यांच्या मधल्या दोन घरांत एक मागच्या जोडीचं आणि एक पुढच्या जोडीचं चित्र जाऊन बसतं. छत्तीस फोटोंच्या रोलमधून अशा २८-२९ जोड्या निघतात. धुऊन आलेली फिल्म लाइटबॉक्सवर पसरली की लग्नघरातली रात्र आठवते: नवरा एका खोलीत, बायको चौथ्या खोलीत, आणि मधे दोन परके घोरत पडलेले. कात्री लावून यांना वेगळं करायचं आणि ज्याची त्याला द्यायची. एकाच जागेचे चार फोटो लागोपाठ काढलेले असले तर कोण कुणाचं हे ठरवताना भल्याभल्यांचा घाम निघतो. चेहरेपट्टी सगळ्यांचीच सारखी असते.

इथवर निभावलं तरी पुढे प्रत्येक तुकडा ठेवायचा कसा हा प्रश्न असतोच. कॅमेऱ्यातलं भिंग चित्र उलटं पाडतं. फिल्म सुलटी करायला अर्धा फेरा दिला की चित्रं सरळ होतात, पण डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. म्हणून कापून अदलाबदल केल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय फिल्मला एक चकचकीत बाजू असते आणि एक निस्तेज. चकचकीत बाजू डोळ्यांकडे हवी, नाहीतर पाट्या उलट्या वाचाव्या लागतात. हिशोब मांडून बघा. एक तुकडा चार प्रकारे ठेवता येतो: सरळ, डोक्यावर, पालथा, आणि पालथा डोक्यावर. दोन तुकड्यांचे चार चोक सोळा, त्यात डाव्या-उजव्याची अदलाबदल धरली की बत्तीस. या बत्तिसांपैकी बरोबर फक्त एक. चित्र जवळजवळ चौरस असल्यामुळे ज्याला ते आडवंही घालायची हौस असेल त्याच्यासाठी एकशे अठ्ठावीस. काही कॅमेऱ्यांत एका चौकटीच्या कडेला बारीक खाच ठेवलेली असे, म्हणजे डावा कोण नि उजवा कोण ते तुकड्यावरच उमटावं. कारखानदारालाही गिऱ्हाइकाच्या बुद्धीबद्दल काही कल्पना होती असं त्यावरून दिसतं. हे सगळं चिमट्याने, सुती मोजे घालून, फुंकर न मारता करायचं. फुंकरीबरोबर येणारा तुषार फिल्मवर कायमचा मुक्काम करतो, म्हणून रबरी फुगा वापरतात. एवढा व्याप असूनही हॅरल्ड लॉइड हा मूकपटांतला चष्मेवाला विनोदी नट या छंदाच्या पार आहारी गेला होता. त्याच्या स्टिरिओ स्लाइडची संख्या लाखांच्या घरात जाते. पडद्यावर त्याच्या चष्म्याला काचा नसत. सिनेमात भिंगांवर वाचवलेला खर्च त्याने असा वसूल केला असावा.

आता खरी मेख. वर सांगितलेल्या चुका ढोबळ आहेत, त्या लवकर किंवा उशिरा ओरडून सांगतात. गप्प बसणाऱ्या चुका मिलिमीटरच्या अपूर्णांकांत राहतात. माउंटला दोन चौकटी असतात. दोन डोळ्यांनी पाहिल्यावर त्या दोन्ही मिळून एकच खिडकी दिसते, आणि आपण त्या खिडकीतून बाहेरचं दृश्य पाहतो आहोत असा भास होतो. रिअलिस्टच्या मापात या चौकटींच्या मध्यांतलं अंतर ६२ मिलिमीटरहून जरा जास्त असतं, त्यामुळे खिडकी साधारण सहासात फुटांवर लागल्यासारखी वाटते. दोन तुकड्यांवरच्या एकाच वस्तूच्या दोन प्रतिमांमधलं अंतर जितकं जास्त तितकी ती वस्तू लांब. दूरच्या डोंगराच्या शेंड्यांमधलं अंतर ६३.५ मिलिमीटरच्या आत असावं, कारण त्यापलीकडे गेलं की डोळ्यांना समांतर दिशा सोडून बाहेर वळावं लागतं, आणि बाहेर वळणं त्यांना शिकवलेलंच नाही. सर्वांत जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमांमधलं अंतर खिडकीच्या अंतरापेक्षा कमी असू नये, नाहीतर ती वस्तू खिडकीच्या अलीकडे, खोलीत घुसते. म्हणजे पायापुढच्या गवतापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत अख्ख्या सृष्टीला नांदायला जागा किती? जेमतेम सव्वा मिलिमीटर. ही जागा कुणा लहरी माणसाने ठरवलेली नाही. जवळची वस्तू भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट तरी लांब असावी असा स्टिरिओवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. ७० मिलिमीटरच्या तीसपट म्हणजे दोन मीटर आणि वर चार बोटं. ३५ मिलिमीटरच्या भिंगाने असा फोटो काढला की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंमधला फरक फिल्मवर भिंगाच्या नाभीय अंतराचा तिसावा भाग भरतो, म्हणजे पुन्हा तोच जवळपास १.२ मिलिमीटर. चोहीकडून गणित एकाच उंबऱ्यापाशी येतं. तुकडे एकमेकांपासून केसभर दूर सरकवले की सगळं जग मागे जातं, जवळ आणले की सगळं पुढे येतं. ब्रह्मदेवाला सृष्टी हलवायला काय लागत असेल कोण जाणे, इथे चिमट्याचं टोक पुरतं.

हे कागदावर वाचून पटत नसेल तर घरातल्या खिडकीपाशी जावं. हातभर लांब उभं राहून एक डोळा मिटावा, मग दुसरा. उजव्या डोळ्याला खिडकीच्या डाव्या कडेला जरा जास्त रस्ता दिसतो, डाव्याला उजव्या कडेला. नीट माउंट केलेल्या जोडीतही हेच असायला हवं: उजव्या चित्रात डाव्या बाजूला एखादी फांदी, एखादी अर्धी सायकल जास्त. ही एवढी परीक्षा पट्टीशिवायही करता येते, आणि तरीही ती डोळ्यांवर सोपवलेली नाही, कारण यात खोली 'जाणवते का' असं कुणाला विचारलेलं नाही. अर्धी सायकल आहे की नाही, एवढंच मोजायचं आहे.

डोळ्यांच्या भिडस्तपणाचा सर्वांत मोठा पुरावा मात्र माउंटिंगच्या टेबलावरचा नाही, तो फ्रान्समधल्या लील शहराच्या संग्रहालयात आहे. याकोपो किमेंती या इटालियन चित्रकाराची सुमारे १६०० सालची दोन रेखाटनं तिथे शेजारीशेजारी लावलेली होती. स्टुलावर बसलेला एक तरुण, एका हातात कंपास, दुसऱ्यात ओळंबा. दोन्ही चित्रं जवळजवळ सारखी. १८५९ साली अलेक्झांडर क्रम ब्राउन या स्कॉटिश पाहुण्याने डोळे जरा तिरळे करून ती एकावर एक आणली आणि त्याला तो तरुण कागदातून उठून आल्यासारखा दिसला. ही बातमी सर डेव्हिड ब्रूस्टरकडे गेली. ब्रूस्टर सामान्य माणूस नव्हता. शोभादर्शक त्याचा, व्हीटस्टनच्या आरशांऐवजी भिंगं वापरणारा सुटसुटीत स्टिरिओस्कोपही त्याचा, आणि व्हीटस्टनवरचा रागही सर्वस्वी त्याचाच. स्टिरिओस्कोपचं मूळ श्रेय व्हीटस्टनला मिळू नये यासाठी तो बरीच वर्षं खपत होता. किमेंती पाहून तो हरखला: अडीचशे वर्षांपूर्वीच इटलीत कुणीतरी स्टिरिओ चित्रं काढत होतं, म्हणजे व्हीटस्टनचा दावा संपला! मग शहाण्यासुरत्या लोकांनी ती चित्रं पाहिली, आणि बऱ्याच जणांना खोली दिसलीही. पुढे जेव्हा कुणीतरी शांतपणे दोन्ही चित्रांतली अंतरं मोजली, तेव्हा निघालं काय? फरक आहेत, पण कसेही आहेत. काही ठिकाणी खोली निघते, काही ठिकाणी उलटी निघते, जवळचं लांब जातं. एका चित्रावरून दुसरं नकलून काढताना हाताच्या चुकीने पडावेत तसे ते फरक. डोळ्यांनी ते सगळे पोटात घातले होते आणि यजमानाचं मन मोडू नये म्हणून "वा, काय उठाव आहे" असं सांगितलं होतं. खुद्द चित्रातला तरुण हातात कंपास आणि ओळंबा धरून बसला आहे, आणि युरोपातले विद्वान त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघताहेत. व्यंगचित्रकाराला याहून चांगलं सुचलं नसतं.

व्हीटस्टन याबाबतीत अधिक सावध होता. १८५२ साली त्याने स्यूडोस्कोप नावाचं एक उपद्व्यापी उपकरण केलं, जे डाव्या डोळ्याचं दृश्य उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला देतं. त्यातून पाहिलं की जवळचं लांब आणि लांबचं जवळ व्हायला हवं; वाडग्याचा घुमट व्हावा, घुमटाचं वाडगं. तसं होतंही. पण माणसाचा चेहरा पाहिला की मेंदू सरळ नकार देतो. नाक आत गेलेला माणूस त्याने जन्मात पाहिलेला नाही आणि आत्ताही बघायची त्याची तयारी नसते. तो डोळ्यांचे दोन्ही कागद बाजूला सारतो आणि नाक बाहेरच आहे असा आदेश काढतो. आता माउंट करणाऱ्याची पंचाईत पाहा. कौलारू घर आणि समोर झाड, अशी जोडी डावी-उजवी उलटी बसली तर झाडाच्या आकाराचं भोक घरात पडलेलं दिसतं आणि चूक पकडली जाते. पण मावशींचा चेहरा चौकटभर असला तर उलट्या बसवलेल्या मावशीसुद्धा चांगल्या सुलट दिसू शकतात. फक्त मागचा पडदा पुढे आल्यासारखा वाटतो, कानांचं काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, आणि पाहणारा मनात म्हणतो, "वय झालं आता मावशींचं."

तिसरा प्रकार उंचीचा. डोळे आत वळवणं आपल्याला सवयीचं आहे. सुईत दोरा ओवताना दिवसातून दहा वेळा तेच करतो. बाहेर वळवणं अंशभर जमतं, तेही नाराजीने. पण एक डोळा वर आणि एक खाली? निसर्गात असा प्रसंगच येत नाही, म्हणून त्यासाठीची तरतूद अगदी तुटपुंजी आहे. एक तुकडा माउंटात दुसऱ्यापेक्षा पाव मिलिमीटर वर बसला की डोळे ही तुटपुंजी शिल्लक काढतात आणि खर्चायला लागतात. गंमत अशी की ते तक्रार करत नाहीत. जो माणूस पंधरा मिनिटं त्या स्लाइडशी झटापट करतो आहे, त्याचे डोळे तोवर त्या पाव मिलिमीटरला सरावलेले असतात. म्हणजे स्लाइड जितकी जास्त वेळ बघावी तितकी ती त्याला जास्त बरोबर वाटते. चूक सुधारत नाही, चुकीची सवय होते. हे आपल्याकडे फक्त स्लाइडच्या बाबतीत होतं असं नाही, पण तो विषय वेगळा. यावरचा उपाय रुक्ष आहे: चौकटीच्या रेघा छापलेली पारदर्शक पट्टी घ्यायची, खांब किंवा खिडकीचा कोपरा असा एकच ठळक बिंदू दोन्ही तुकड्यांत धरायचा आणि तो दोन्हीकडे एकाच आडव्या रेघेवर येईपर्यंत चिमटा खाली ठेवायचा नाही. एक बिंदू डावीकडचा आणि एक उजवीकडचा घेतला तर तुकडा तिरपा बसला आहे का तेही कळतं. या सगळ्यात दोन्ही डोळ्यांनी एकदम बघायचंच नाही. एक डोळा, एक भिंग, एक रेघ. खोली पाहण्याच्या साऱ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा तास एक डोळा मिटून काढायचा, हे या छंदाचं गुपित बाहेरच्यांना सांगितलं तर ते सहानुभूतीने पाहतात.

इथे एक समंजस आक्षेप येतो. मेंदू जर एवढा उदार आहे आणि स्वतःहून सांभाळून घेतो, तर आपण पाव मिलिमीटरसाठी का मरावं? भाजीवालाही वजनात थोडं झुकतं माप चालवून घेतो. याला माझं उत्तर असं की सांभाळून घेणं फुकट नसतं, ती उसनवारी असते. एका स्लाइडपुरते डोळे उसने देतात. चाळीस स्लाइडचा कार्यक्रम झाला की व्याजासकट वसूल करतात, कपाळाच्या मधोमध. शिवाय उसनं देणारे सगळे सारखे नसतात. प्रौढांच्या बाहुल्यांमधलं अंतर ढोबळ मानाने ५४ ते ७४ मिलिमीटर असं कमीजास्त असतं. रुंद चेहऱ्याच्या माउंटवाल्याला जो डोंगर आरामात दिसतो तोच अरुंद चेहऱ्याच्या पाहुण्याचे डोळे बाहेर ओढतो. आणि पडद्यावर दाखवायची वेळ आली तर मग विचारायलाच नको. २३ मिलिमीटरचं चित्र दीड मीटर रुंद पडद्यावर टाकलं की सगळं पासष्टपट मोठं होतं. फिल्मवरचा एक मिलिमीटर पडद्यावर ६५ मिलिमीटर होतो, म्हणजे एका माणसाच्या दोन डोळ्यांमधलं सबंध अंतर. हातात बघताना जो पाव मिलिमीटर पोटात गेला तो पडद्यावर दीड सेंटिमीटरहून मोठा होऊन बाहेर येतो, आणि ध्रुवीकरणाचे चष्मे लावून अंधारात बसलेली मंडळी एकामागून एक ते चष्मे काढून हातात घेऊ लागतात. 

दुसरा आक्षेप कलावंतांचा. खिडकी, उंबरा, मर्यादा हे काय लावलंय? वस्तू बाहेर आल्या तरच तर मजा! १९८४ साली मल्याळममध्ये निघालेला 'माय डिअर कुट्टिचातन' हिंदीत 'छोटा चेतन' होऊन आला, तेव्हा थिएटरातली मुलं पडद्यातून येणारी वस्तू पकडायला हात पुढे करत होती. तिथे कुणी खिडकीची मर्यादा पाळली? हा आक्षेप निम्मा खरा आहे. वस्तू खिडकीबाहेर यायला हरकत नाही, फक्त येताना तिने चौकटीच्या उभ्या कडेला अंग घासू नये. पडद्यातून येणारी वस्तू मधोमध असते, तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा असते, म्हणून डोळे तिला सुखाने आत घेतात. पण अलीकडे आलेला माणूस खिडकीच्या उभ्या कडेने अर्धा कापला गेला की मेंदूपुढे कोडं पडतं: माणूस खिडकीच्या अलीकडे आहे, तरी खिडकी त्याला झाकते आहे. वरच्या कडेतून लोंबणारी फांदी मात्र निभावून जाते, कारण आडव्या कडेला डावं-उजवं काही सांगता येत नाही. म्हणजे नियम मोडायलाही तो कुठे मोडतो ते मोजावं लागतं. गायकाने सम सोडावी, पण ती कुठे होती ते त्याला ठाऊक हवं.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा. हे सगळं आता संगणक करतो. मासुजी सुतो या जपानी प्रोग्रामरचं 'स्टिरिओफोटो मेकर' फुकट मिळतं. दोन फोटो दिले की ते उंची जुळवतं, तिरपेपणा काढतं, जवळची वस्तू खिडकीवर आणून ठेवतं, आणि तुमचा चहा निवायच्या आत पुढची जोडी मागतं. हा आक्षेप मी आनंदाने मान्य करतो, कारण तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. संगणकाला दोन डोळे नाहीत, मेंदू नाही, म्हणून भीडही नाही. तो शेकडो बिंदू घेतो आणि पट्टी लावतो, एवढंच. पण सगळं त्याच्यावर टाकता येत नाही. पुढे डोकावणारी एखादी काडी त्याला जवळची वस्तू वाटली तर तो साऱ्या दरबाराला त्या काडीच्या मागे नेऊन बसवतो. खिडकी कुठे लावायची हे ठरवायला माणूस लागतो. ती तिथे लागली की नाही हे बघायला मात्र नको. शिवाय फिल्मवर उजेड मागून येतो, आणि तो उजेड ज्यांनी भिंगातून एकदा पाहिला ते लोक हट्टाने फिल्मवरच राहतात. कोडॅकने एक्टाक्रोम ही स्लाइडची फिल्म बंद करून २०१८ साली पुन्हा सुरू केली, त्यामागे ही हट्टी मंडळीही थोडी असतील.

आणि व्ह्यू-मास्टरचं काय, असं कुणीतरी विचारेलच, कारण त्याची चकती आपल्याकडच्या कित्येक घरांत फिरून गेली आहे. खटका दाबला की ताजमहाल, पुन्हा दाबला की आणखी काही. त्यात कुठे कुणी पट्टी घेऊन बसलं होतं? बसलं होतं, फक्त ते तुम्हाला दिसलं नाही. १९३९ साली अमेरिकेत आलेल्या त्या चकतीत सात दृश्यांचे चौदा तुकडे असतात, एका जोडीतले दोघे समोरासमोर. विल्यम ग्रूबर या पियानो सुरात लावणाऱ्या माणसाच्या डोक्यातून ती निघाली. सूर लावणाऱ्याला कानाचा भरवसा असावा, पण चकतीतले तुकडे त्याने कुणाच्याही डोळ्यांच्या भरवशावर सोडले नाहीत. १९५२ साली कंपनीने हौशी लोकांसाठी स्वतःचा कॅमेरा काढला, तेव्हा त्याच्या जोडीला तुकडे कापायचं यंत्रही आणलं. भोकांत बसवलेली फिल्म, दाबला दांडा, पडला नेमका तुकडा, सरकवला चकतीच्या खिशात. तिथे 'मला जरा असं वाटतं' म्हणायला जागाच ठेवलेली नाही. 

उरतो एक उपाय, दुसऱ्याचे डोळे. इंग्लंडमधल्या स्टिरिओस्कोपिक सोसायटीने, जी १८९३ पासून चालू आहे, स्लाइडची पेटी सभासदांमध्ये पोस्टाने फिरवायची पद्धत रुळवली: प्रत्येकाने पाहायचं, शेरा लिहायचा, पुढे पाठवायची. ताजे डोळे आणि दोनशे मैलांचं अंतर, भीड मोडायला दोन्ही उपयोगी. घरी ही सोय नसते. घरी पाहुणा असतो, आणि पाहुण्यांचे डोळे भिडस्त असोत नसोत, पाहुणा भिडस्त असतोच. स्लाइड बघायचा व्ह्यूअर हातात दिला की तो "अप्रतिम!" म्हणतो, ज्याला दोन डोळ्यांची खोली मुळीच दिसत नाही असा माणूससुद्धा म्हणतो, आणि जरा मोठ्याने म्हणतो. म्हणून त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊ नये, हातांकडे द्यावं. स्लाइड ठीक असेल तर तो पुढच्या स्लाइडसाठी हात पुढे करतो. व्ह्यूअर खाली ठेवून, चांगला स्वच्छ असलेला चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला, तर ती स्लाइड गुपचूप वेगळ्या डबीत टाकावी, पोह्यांची बशी पुढे करावी, आणि तो गेल्यावर लाइटबॉक्सचा दिवा लावून एक डोळा मिटावा.